हळू न चालणारी जिप्सी

सत्त्याण्णव सालच्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत आमच्या गटाची जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा बद्रीनाथआबांनी दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. पाच वर्षं ते त्या जागेवर डोळा ठेवून होते. पंचक्रोशीतलं एकही लग्न त्यांनी चुकवलं नव्हतं, आणि त्यांनी खांदा दिल्याशिवाय कुणाचं मढं वेशीबाहेर गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आबा उठले, दाढी केली, पांढरं घातलं आणि भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या बायकोपुढे जाऊन उभे राहिले.

"उद्यापासून तू उमेदवार," ते म्हणाले.

सत्यशीलाबाईंनी शेंगांवरून नजर न काढता विचारलं, की त्यात काय करावं लागतं. आबांनी सांगितलं, की गाडीत उभं राहायचं आणि हात जोडायचे. बाकी सगळं ते बघून घेणार होते.

समोरच्या बाजूला हनुमानराव होते. त्यांच्या बायकोनं उभं राहायला साफ नकार दिला, म्हणून त्यांनी आपल्या म्हाताऱ्या आईला, छबुबाईंना, उभं केलं. छबुबाईंना कानानं कमी ऐकू यायचं आणि गाडीत बसल्या की लगेच डुलकी लागायची. हनुमानरावांच्या दृष्टीनं उमेदवार म्हणून ही दोन्ही लक्षणं उत्तम होती.

तो काळ असा, की लोक पुढाऱ्याची उंची त्याच्या गाडीवरून मोजू लागले होते. त्याआधी कुणाकडेही जीप असली की भागायचं. नव्वदनंतर बाजारात दर वर्षाला नवी गाडी यायला लागली आणि ज्याच्याकडे जुनी त्याची पत जुनी, असा हिशोब झाला. आबांकडे पांढरी जिप्सी होती. गाडी चांगली होती, तक्रारीला जागा नव्हती. ते ती स्वतः चालवायचे. ड्रायव्हर ठेवला तर लोक ड्रायव्हरकडेच बघतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

उमेदवारी जाहीर झाली त्याच आठवड्यात मांजरसुंब्याच्या घाटात हनुमानरावांच्या नव्या डिझेल गाडीनं आबांच्या जिप्सीला मागे टाकलं. जिप्सीत त्या वेळी कार्यकर्ते दाटीवाटीनं कोंबलेले होते, दोघं मागच्या दाराला लटकले होते आणि पायाशी प्रचाराच्या पत्रकांचे गठ्ठे होते. पण हे कुणी विचारात घेतलं नाही. हनुमानरावांनी काचेतून हात हलवला, तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. आबा घरी न जाता तसेच गाडी वळवून बीडला वीरेशच्या दुकानावर गेले.

दुकान खरं तर वीरेशच्या वडिलांचं, गुंडप्पाशेठचं. स्टँडजवळ त्यांचा स्पेअर पार्टचा जुना धंदा होता. ट्रॅक्टरचे फिल्टर, ब्रेकचे लायनर, फॅनबेल्ट, ग्रीसचे डबे. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढून शेठ सकाळी गल्ल्यावर बसायचे आणि गिऱ्हाइकाला जे हवं तेवढंच द्यायचे. मुलाला त्यांनी पुण्याला इंजिनिअर व्हायला पाठवलं. वीरेश तिथे वर्गात कमी आणि मोटारींच्या शर्यती लावणाऱ्या पोरांच्या गॅरेजमध्ये जास्त राहिला. परत आला तेव्हा पदवी नव्हती. एक परदेशी तेलाचं नाव छापलेलं जाकीट होतं आणि 'परफॉर्मन्स' हा शब्द होता. जाकीट तो मे महिन्यातही घालायचा, आणि शब्द तर बाराही महिने वापरायचा.

आबांची व्यथा ऐकून त्यानं जिप्सीचं बॉनेट उघडलं आणि समजावून सांगायला सुरुवात केली. इंजिनाच्या डोक्यात एक दांडा फिरतो, त्याला कॅमशाफ्ट म्हणतात. दांड्यावरचे उंचवटे वॉल, म्हणजे हवेच्या झडपा, दाबून उघडतात. वॉल उघडला की हवा आणि पेट्रोल आत येतं, बंद झाला की पिस्टन वर येऊन ते दाबतो, मग ठिणगी पडते आणि भडका होतो. कंपनीचा दांडा वॉल जेमतेम उघडा ठेवतो, कारण कंपनीला पेट्रोल वाचवायचं असतं. पुण्यात एक जण शर्यतीच्या गाड्यांसाठी वेगळा दांडा घासून देतो. त्यानं वॉल जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडा राहतो. म्हणजे इंजिन जास्त दम घेतं.

आबांना एवढ्या सगळ्यातला दम तेवढा कळला. त्यांनी दांडा आणायला सांगितलं.

पुण्याच्या त्या माणसानं दांडा देताना वीरेशला बजावलं होतं, की हा एकटा बसवू नकोस. याच्या जोडीला इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढवावं लागेल, कार्बोरेटरचे जेट बदलावे लागतील आणि ठिणगीचं टायमिंग नव्यानं लावावं लागेल. वीरेशनं आपल्याला हे ठाऊकच आहे अशी मान हलवली, आणि ठाऊक खरोखरच होतं. वाचलं होतं त्यानं. पण आबांना फॉर्म भरायला जिप्सीतून जायचं होतं, आणि फॉर्मची तारीख उद्यावर आली होती. वीरेशनं विचार केला, आधी दांडा बसवू, बाकीचं निवडणुकीनंतर बघता येईल.

दांडा बसला. जिप्सी चालू झाली ती एका वेगळ्याच आवाजात. पूर्वी उभी असली तर चालू आहे की बंद ते कळत नसे. आता ती उभ्या जागी गुडगुडत होती, मध्येच अडखळत होती, सगळी थरथरत होती. गुंडप्पाशेठनी गल्ल्यावरून विचारलं, की हिला काय हिवताप झाला का. वीरेश म्हणाला, शर्यतीच्या गाडीचा आवाज असाच असतो. आबांना तो वाघाच्या गुरगुरण्यासारखा वाटला आणि त्यांनी तसं चारचौघांत बोलूनही दाखवलं.

परतताना घाटात त्यांनी पाय दाबला. खालच्या वेगात गाडी ढिम्म होती, पण इंजिन एकदा ओरडायला लागलं आणि जिप्सी सुटली. नशिबानं पुढे हनुमानरावांचीच गाडी होती. आबा तिला वळणावर ओलांडून गेले आणि वर जाऊन मुद्दाम थांबले, हात हलवायला. त्या संध्याकाळी गावात गटाच्या विकासापेक्षा कॅमशाफ्टवर जास्त चर्चा झाली. प्रत्येक कार्यकर्ता दुसऱ्याला सांगत होता, की आबांनी गाडीत 'कामशाप' टाकलंय.

अडचण फॉर्म भरून प्रचार सुरू झाला तेव्हा कळली. निवडणुकीतली गाडी घाटात क्वचित धावते. तिला हलगीच्या मागे, माणसाच्या चालीनं, गल्लीबोळातून जावं लागतं. पहिल्याच गावात मिरवणूक निघाली. पुढे हलगीवाले, मागे जिप्सी, वर लोखंडी दांड्याला धरून सत्यशीलाबाई. आबांनी गाडी पहिल्यात टाकली आणि हळूच सोडली. जिप्सीनं एक हिसका दिला, दोन दिले आणि बंद पडली. परत चालू केली, परत हिसके. प्रत्येक हिसक्याला सत्यशीलाबाईंची मान पुढे जायची आणि मागे यायची. लांबच्या लोकांना वाटलं, बाई फारच विनयानं वाकून नमस्कार करतायत. जवळच्यांना खरं काय ते दिसत होतं. मध्येच सायलेन्सरमधून बार निघाला आणि हलगीवाल्यांच्या पुढे बांधलेला कुणाचा तरी बैल दावं तोडून पळाला. पेट्रोलच्या वासानं उमेदवाराला मळमळायला लागलं ते वेगळंच.

गाडी बंद पडू नये म्हणून आबा इंजिन रेस करून ठेवायला लागले. मग भाषण ऐकू येईना. शेवटी त्यांनी तोडगा काढला, की गाडी जोरातच न्यायची. पुढची दोन-तीन गावं त्यांनी तशीच केली. ओट्यावर बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या असायच्या. लांबून इंजिनाचा आवाज यायचा, एक पांढरा लोळ समोरून जायचा, त्यात कुणीतरी हात जोडल्यासारखं दिसायचं आणि मग सगळ्या ताटांवर धूळ बसायची. एका गावच्या बायनाबाई नावाच्या म्हातारीनं दुसऱ्या दिवशी आबांच्या माणसाला तोंडावर विचारलं, की बाई मत मागायला आल्या होत्या का कुणी त्यांच्या पाठीमागं लागलं होतं.

आबांनी वीरेशला बोलावून घेतलं. त्यानं प्लग काढले, त्या भोकात दाब मोजायचं मीटर लावलं आणि स्टार्टर मारायला सांगितलं. काटा जिथं जायला हवा त्याच्या बराच अलीकडे थांबला. चारही सिलिंडरला तेच. वीरेशचा चेहरा उतरला, पण खुलासा त्यानं झोकात केला. हा दांडा वॉल उशिरा बंद करतो. गाडी हळू असते तेव्हा पिस्टन दाबायला वर निघतो आणि वॉल अजून उघडाच असतो, त्यामुळे आत घेतलेली हवा परत आल्या वाटेनं बाहेर ढकलली जाते. दाबायला आत उरतच नाही काही. जोरात असली की हवा इतक्या वेगानं आत घुसते की तिला मागे फिरायला सवड मिळत नाही. मग इंजिनाला पुरता घास मिळतो.

आबांनी बॉनेटमध्ये वाकून बघितलं. "मंजे हळू चालताना ही खाल्लेलं ओकती," ते म्हणाले.

वीरेश म्हणाला, तसंच म्हणता येईल.

"आन् हे तुला आदी ठाऊक हुतं का न्हवतं बे?"

वीरेशनं पुण्याच्या पेट्रोलची, तिथल्या रस्त्यांची आणि मोकळ्या ट्रॅकची बरीच माहिती दिली. विचारलेल्याचं उत्तर त्यात नव्हतं. मग त्यानं उपाय सांगितला. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवून खालून घासायचं. पिस्टनच्या वरची जागा कमी होईल, आहे तेवढीच हवा जास्त दाबली जाईल आणि गेलेलं कॉम्प्रेशन परत येईल. जुना दांडा परत बसवा, हा सोपा उपाय त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण आबांनी हा दांडा गावभर सांगितला होता. आता तो काढणं म्हणजे फॉर्म मागे घेण्यासारखं होतं.

गाडी बीडला लेथवाल्याकडे गेली, तो दिवस जिप्सीविना गेला. त्या दिवशी प्रचाराला ट्रॅक्टर ठरला होता, तो आला नाही. सत्यशीलाबाईंनी थोडी वाट पाहिली, मग पदर खोचला, शेजारच्या दोन बायका सोबत घेतल्या आणि वस्त्यांवर चालत गेल्या. आबांना कळलं तेव्हा ते चिडले. उमेदवार पायी फिरतोय म्हणजे पार्टी बुडाली असं लोक म्हणतील, अशी त्यांची भीती होती.

लोक म्हणजे तरी कोण होतं. माघ महिना, गावातली निम्मी घरं कुलूपबंद. माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर गेलेली. राहिल्या होत्या म्हाताऱ्या, बाळंतिणी आणि पोरं. त्यांच्या दारात आजवर कुठला उमेदवार बसला नव्हता. सत्यशीलाबाई बसल्या. भाषण त्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांनी भाषण केलं नाही. हापशाचा दांडा किती दिवसापासून मोडलाय, पोरांना शाळेतले तांदूळ मिळतात का, कुणाची सून कुठल्या कारखान्यावर आहे, हे विचारलं. माहेरची ओळख काढली. बायनाबाईनं त्यांना चहा पाजला आणि गाडीच्या धुळीबद्दल ऐकवलंही. सत्यशीलाबाई हसल्या. म्हणाल्या, "त्या गाडीत मला तरी कुठं काय दिसत हुतं."

जिप्सी परत आली ती नव्या दुखण्यासह. हळू चालताना आता ती पूर्वीइतकी अडखळत नव्हती, हे खरं. पण चढ लागला आणि पाय दाबला की इंजिनात डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट व्हायचा. वीरेशनं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. दाब वाढवला की पेट्रोलही तसंच कसदार लागतं, नाहीतर ते ठिणगीची वाट न पाहता आधीच पेटतं आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या टाळक्यात बसतं. आमच्याकडच्या पेट्रोलमध्ये त्या काळी रॉकेल किती आणि पेट्रोल किती, हे सांगणारा माणूस जन्मला नव्हता. वीरेशनं ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं. खडखड थांबली, पण गाडीची ओढ गेली आणि इंजिन तापायला लागलं. एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडायचं, आणि प्रत्येक वेळी वीरेश नवा शब्द शिकवून जायचा. आबा ते शब्द सभेत वापरायला लागले. विरोधकांचं कॉम्प्रेशन गेलंय, असं ते एकदा माईकवर म्हणाले. टाळ्या पडल्या.

सत्यशीलाबाई मात्र त्यानंतर जिप्सीत चढल्या नाहीत. आबा गाडी घेऊन पुढे जायचे, त्या मागून चालत यायच्या, आणि आबा जिथं गाडीपाशी बॉनेट उघडून उभे असायचे तिथून त्या न थांबता पुढे निघून जायच्या.

मतदानाच्या दिवशी सकाळी ऊसतोडीवरच्या मतदारांचा ट्रक बीडला येणार होता. आबा तो आणायला जातीनं गेले. ट्रक आला, आबांनी जिप्सी पुढे काढली आणि पालीपर्यंत ऐटीत नेली. घाट सुरू झाला. अर्ध्यावर बॉनेटमधून वाफ निघाली, मग नुसता धूर, आणि जिप्सी कडेला लागली ती लागलीच. ट्रकवाल्याला दुपारपर्यंत माणसं पोचवून परत फिरायचं होतं. तो थांबला नाही. वरून बायामाणसांनी आबांकडे बघून हात जोडले.

थोड्या वेळानं खालून हनुमानराव आले. गाडीतून उतरले, वाफेकडे बघितलं, आबांची आस्थेनं चौकशी केली आणि आपल्या माणसाला दोर काढायला सांगितलं. आबा नको नको म्हणत होते. पण ऊन वाढत होतं, मतदान चालू होतं आणि दुसरी गाडी दिसत नव्हती. शेवटी ते स्टिअरिंग धरून बसले.

हनुमानरावांनी गाडी ओढली ती अगदी सावकाश. मांजरसुंब्याच्या चौकात तर त्यांनी वेग आणखी कमी केला. चौकातल्या प्रत्येक हॉटेलात दोन्ही पार्ट्यांची माणसं चहा पीत बसली होती. त्यांच्या डोळ्यांसमोरून हनुमानरावांची गाडी गेली, मागून दोराला बांधलेली जिप्सी गेली, आणि जिप्सीत आबा समोर बघत बसलेले. कुणी हाक मारली नाही. जो तो उठून मोटारसायकलला किक मारायला लागला.

बातमी गावोगाव पोचली ती अशी, की दोघांची तडजोड झाली. आबांच्या माणसांना वाटलं, आबा बांधले गेले, म्हणजे जागा छबुबाईंना सोडली. ते बूथवरून उठून जेवायला गेले. हनुमानरावांच्या माणसांना वाटलं, आपले साहेब स्वतः आबांना ओढून आणतायत, म्हणजे जागा सत्यशीलाबाईंना सोडली. तेही जेवायला गेले. दुपारनंतर दोन्हीकडची टेबलं रिकामी होती आणि एकाच शेतात दोन्हीकडचे लोक मटण खात होते.

सत्यशीलाबाई बायनाबाईच्या गावात, मतदान चालू असलेल्या शाळेसमोरच्या लिंबाखाली होत्या. शेजारी खुर्चीवर छबुबाईंना आणून बसवलं होतं. आबांचा एक माणूस धावत आला आणि कानात म्हणाला, की सेटलमेंट झाली, आता घरी चला. सत्यशीलाबाईंनी त्याला विचारलं, "कुणात झाली? उमेदवार तर आमी दोघी हाव. आमी तर हितंच बसलोय." छबुबाईंनी काय म्हणतोय म्हणून विचारलं. सत्यशीलाबाईंनी त्यांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं, की काही नाही, जेवायला बोलावतोय. मग त्या उठल्या आणि बायनाबाईला बरोबर घेऊन वस्तीकडे निघाल्या. बायका घरोघर होत्याच. तडजोडीची बातमी त्यांना कुणी कळवली नव्हती. बायकांना असल्या बातम्या कळवायची तेव्हा पद्धत नव्हती. त्या रांगेनं आल्या आणि मत टाकून गेल्या.

सत्यशीलाबाई निवडून आल्या. मतांचा फरक इतका थोडा होता की फेरमोजणी करावी लागली. आबांनी गुलाल अंगावर घेऊन जाहीर केलं, की दोराचा सगळा प्रकार त्यांनीच रचला होता, हनुमानराव गाफील राहावेत म्हणून. वीरेशनंही दुकानात सांगायला सुरुवात केली, की आमच्या दांड्यानं जिल्हा परिषदेची जागा काढली. गुंडप्पाशेठनी त्याला गल्ल्यावर बसवलं, ते जाकीट खुंटीला लावायला सांगितलं आणि फॅनबेल्ट विकायला शिकवलं. जिप्सीत जुना दांडा परत बसवला, तर घासलेल्या हेडमुळे दाब आता भलताच वाढला होता आणि खडखडाट पहिल्यापेक्षा दुप्पट झाला. मग दाब उतरवायला हेडखाली दोन गॅस्केट एकावर एक टाकून ती कशीबशी शांत केली आणि लांबच्या एका गिऱ्हाइकाला विकून टाकली. त्याला घासलेल्या हेडचं काही सांगितलं नाही.

पुढे सभापतींची निवड आली. महिला व बालकल्याणसाठी सत्यशीलाबाईंना चार मतं कमी पडत होती. ती हनुमानरावांच्या खिशात होती. आबांना न विचारता सत्यशीलाबाई छबुबाईंच्या तब्येतीची चौकशी करायला गेल्या आणि चहा पिऊन परत आल्या. आबांना कळलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. ज्या माणसानं आपल्याला दोरानं बांधून चौकातून फिरवलं, त्याच्या दारात ती गेलीच कशी, असं ते परत परत विचारत होते.

"त्यांनी तुमाला घरी आणून सोडलं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "तुमची मानसं तवा जेवायला गेलती."

निवडीत ती चारही मतं सत्यशीलाबाईंना पडली. सभापतिपदाचा पदभार घ्यायच्या दिवशी सरकारी गाडी दारात आली. आबा सवयीनं पुढच्या सीटकडे गेले. ड्रायव्हरनं अदबीनं सांगितलं, की पुढे शिपाई बसतो. आबा मागे येऊन बायकोच्या शेजारी बसले. बीडपर्यंतच्या वाटेत त्यांनी घसा साफ करून अंगणवाडी मदतनिसाच्या जागेचा विषय काढला; त्यांच्या पुतण्याची बायको दहावी झालेली होती. सत्यशीलाबाई कागद वाचत होत्या. त्यांनी पान उलटलं आणि सांगितलं, की तिला अर्ज करायला सांगा.

ती जागा हनुमानरावांच्या भाचीला मिळाली. बायनाबाईची नातही त्याच जागेसाठी दोनदा बीडला येऊन गेली होती. सभापतींच्या दालनाबाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसून राहिली, आणि शिपायानं सांगितलं, की बाई मीटिंगमध्ये आहेत.